ग्रामीण भागातील मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची तपासणी

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची तपासणी (स्क्रीनिंग) म्हणजे कोणतेही लक्षण नसलेल्या व्यक्तींमध्ये मोठे आतडे व गुदाशय यांचा कर्करोग, किंवा पुढे कर्करोगात रूपांतर होऊ शकणाऱ्या गाठी, शोधण्यासाठी केली जाणारी वैद्यकीय तपासणी होय. शौचाच्या नमुन्यातील न दिसणारे रक्त शोधणे आणि दुर्बिणीतून आतडे पाहणे (कोलोनोस्कोपी) हे तिचे दोन मुख्य प्रकार आहेत. वेळेवर तपासणी झाल्यास या कर्करोगाने होणारे मृत्यू कमी होतात, हे अनेक देशांतील मोठ्या चाचण्यांतून सिद्ध झाले आहे. ग्रामीण भागात मात्र तपासणीतील सहभाग शहरांपेक्षा कमी राहतो आणि रोगाचे निदान उशिरा होते.

भारतात या कर्करोगासाठी राष्ट्रीय तपासणी कार्यक्रम नाही. महाराष्ट्रात बार्शी व उस्मानाबाद परिसरात ग्रामीण कर्करोग तपासणीचे जगभर दखल घेतले गेलेले काम झाले, परंतु ते प्रामुख्याने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयी होते. त्या अनुभवाच्या आधारे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची तपासणी खेड्यापर्यंत कशी नेता येईल, हा प्रश्न रायगडच्या किनारपट्टीसारख्या खाड्यांनी तुटलेल्या प्रदेशात विशेष महत्त्वाचा ठरतो.

## रोगाचे स्वरूप

जगभरात २०२२ मध्ये मोठे आतडे व गुदाशय यांच्या कर्करोगाचे सुमारे १९ लाख नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९ लाख मृत्यू झाले. रुग्णसंख्येच्या दृष्टीने हा कर्करोग तिसऱ्या, तर मृत्यूंच्या दृष्टीने दुसऱ्या क्रमांकावर आहे.

बहुतेक वेळा हा कर्करोग आतड्याच्या अस्तरावर वाढणाऱ्या पॉलिप नावाच्या लहान गाठीपासून सुरू होतो. सर्व पॉलिपांचे कर्करोगात रूपांतर होत नाही. ॲडेनोमा या प्रकारच्या काही गाठींमध्ये ते होते आणि त्यास साधारणपणे दहा ते पंधरा वर्षे लागतात. या दीर्घ काळात गाठ दुर्बिणीतून काढून टाकल्यास कर्करोग होण्याआधीच टळतो. त्यामुळे ही तपासणी केवळ लवकर निदानाची नव्हे, तर प्रतिबंधाचीही ठरते. स्तनाच्या कर्करोगाच्या तपासणीत प्रतिबंधाचा हा लाभ मिळत नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीत तो मिळतो.

वाढते वय, जवळच्या नातेवाइकास झालेला हाच कर्करोग, धूम्रपान, मद्यपान, लठ्ठपणा, शारीरिक श्रमांचा अभाव आणि प्रक्रिया केलेल्या मांसाचे सेवन ही धोका वाढवणारी कारणे मानली जातात. ब्रिटिश शल्यविशारद डेनिस बर्किट यांनी १९७१ मध्ये आफ्रिकेतील निरीक्षणांवरून आहारातील तंतुमय पदार्थांचे प्रमाण व या रोगाचे अल्प प्रमाण यांचा संबंध मांडला होता.

शौचावाटे रक्त पडणे, शौचाच्या सवयीत टिकून राहणारा बदल, पोट साफ न झाल्याची सततची भावना, कारण नसताना वजन घटणे आणि रक्तक्षय ही प्रमुख लक्षणे आहेत. प्रौढ पुरुषात किंवा रजोनिवृत्तीनंतर स्त्रीमध्ये लोहाच्या कमतरतेमुळे रक्तक्षय आढळल्यास आतड्यातील रक्तस्रावाची शक्यता तपासणे आवश्यक समजले जाते. रोग आतड्यापुरता मर्यादित असताना उपचार झाल्यास, प्रगत आरोग्यसेवा असलेल्या देशांत सुमारे ९० टक्के रुग्ण पाच वर्षांनंतर हयात असतात. रोग यकृत किंवा फुप्फुसापर्यंत पसरल्यानंतर हे प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास येते.

## तपासणीच्या पद्धती

### शौचातील गुप्त रक्ताची चाचणी

गाठीतून किंवा कर्करोगातून झिरपणारे रक्त अनेकदा डोळ्यांना दिसत नाही. ते शोधण्यासाठी आधी ग्वायॅक या झाडाच्या राळेवर आधारित चाचणी वापरली जात असे. अमेरिकेतील मिनेसोटा येथे ४६,५५१ व्यक्तींवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. दरवर्षी ही तपासणी करणाऱ्यांच्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू ३३ टक्क्यांनी कमी आढळले. दर दोन वर्षांनी तपासणी करणाऱ्या, इंग्लंडमधील नॉटिंगहॅम व डेन्मार्कमधील फ्यून येथील चाचण्यांत (१९९६) ही घट अनुक्रमे १५ व १८ टक्के होती.

ग्वायॅक चाचणी मानवी रक्त आणि आहारातील मांसाचे रक्त यांत फरक करू शकत नाही. नंतर आलेली ‘फिट’ (फिकल इम्युनोकेमिकल टेस्ट) ही चाचणी केवळ मानवी हिमोग्लोबिन ओळखते. तिच्यासाठी पथ्य पाळावे लागत नाही आणि बहुधा एकच नमुना पुरतो. जठर व लहान आतड्यातील रक्त खाली येईपर्यंत पचून जात असल्याने फिट मुख्यतः मोठ्या आतड्यातील रक्तस्राव दाखवते. जपानने १९९२ पासून ४० वर्षांवरील नागरिकांसाठी ही चाचणी राष्ट्रीय पातळीवर सुरू केली. इंग्लंडने २०१९ मध्ये जुन्या चाचणीच्या जागी ती स्वीकारली.

### दुर्बिणीतून तपासणी

कोलोनोस्कोपीत लवचिक नळीतून संपूर्ण मोठे आतडे पाहता येते व आढळलेली गाठ त्याच वेळी काढता येते. त्यासाठी आदल्या दिवशी रेचक घेऊन आतडे पूर्ण रिकामे करावे लागते. प्रशिक्षित डॉक्टर, भूल किंवा गुंगीची सोय आणि उपकरणांचे निर्जंतुकीकरण यांचीही गरज असते. क्वचित प्रसंगी आतड्यास छिद्र पडणे किंवा रक्तस्राव होणे असे धोके संभवतात. नॉर्वे, पोलंड व स्वीडनमधील नॉर्डिक चाचणीच्या २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, कोलोनोस्कोपीसाठी बोलावलेल्या गटात दहा वर्षांत या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी कमी झाला. मात्र बोलावलेल्यांपैकी ४२ टक्केच तपासणीस आले होते.

सिग्मॉइडोस्कोपीत आतड्याचा केवळ शेवटचा भाग पाहिला जातो. ब्रिटनमधील चाचणीत (२०१०) ५५ ते ६४ या वयात एकदाच ही तपासणी करण्याचा प्रस्ताव दिलेल्या गटात कर्करोगाचे प्रमाण २३ टक्क्यांनी, तर मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

## भारतातील प्रमाण व धोरण

भारतात २०२२ मध्ये या कर्करोगाचे सुमारे ७० हजार नवे रुग्ण असल्याचा अंदाज आहे. वयानुसार समायोजित केलेले प्रमाण दर एक लाख लोकसंख्येमागे सुमारे ५ असून जागतिक सरासरी १८ च्या आसपास आहे. शहरी कर्करोग नोंदणींच्या तुलनेत बार्शीसारख्या ग्रामीण नोंदणीत हे प्रमाण आणखी कमी आढळते.

प्रमाण कमी असले तरी रुग्ण तुलनेने तरुण असतात. टाटा स्मारक रुग्णालयातील ८०० रुग्णांच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात रुग्णांचे सरासरी वय सुमारे ४७ वर्षे होते. भारतीय रुग्णांत गुदाशयाच्या कर्करोगाचा वाटा पाश्चात्त्य देशांपेक्षा मोठा असतो. गुदाशयाच्या खालच्या भागातील गाठ अनेकदा डॉक्टरांच्या बोटाने केलेल्या तपासणीतही हाताला लागते. त्यासाठी हातमोज्याखेरीज कोणत्याही उपकरणाची गरज नसल्याने प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पातळीवर तिचे महत्त्व मोठे आहे.

केंद्र शासनाने २०१० मध्ये असंसर्गजन्य रोगांच्या नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ३० वर्षांवरील व्यक्तींसाठी मुख, स्तन व गर्भाशयमुख या तीन कर्करोगांची तपासणी ठरवण्यात आली. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा त्यात समावेश नाही. निवडलेल्या तीन कर्करोगांचे देशातील प्रमाण मोठे आहे आणि त्यांची प्राथमिक तपासणी साध्या साधनांनी करता येते. तरीही त्यांच्या तपासणीची व्याप्ती अल्पच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार, ३० ते ४९ वयोगटातील २ टक्क्यांहूनही कमी स्त्रियांची गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी कधीतरी तपासणी झाली होती.

## महाराष्ट्रातील ग्रामीण कर्करोग तपासणीचा अनुभव

### बार्शी

भारतातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी मुंबईत १९६३ मध्ये सुरू झाली. पहिली ग्रामीण नोंदणी त्यानंतर १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे, नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या आधारे सुरू झाली. तिच्या क्षेत्रात बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांतील ३४६ गावांचा समावेश होता.

शहरी नोंदणीत रुग्णालयांच्या कागदपत्रांवरून रुग्णांची माहिती मिळवली जाते. बार्शी परिसरात अनेक रुग्ण रुग्णालयापर्यंत पोहोचतच नसल्याने ही पद्धत अपुरी ठरली. त्यामुळे नोंदणीचे कर्मचारी ठरावीक काळाने प्रत्येक गावी जात, ग्रामस्थांच्या बैठका घेत, कर्करोगाची लक्षणे समजावून सांगत आणि तशी लक्षणे असलेल्यांना बार्शीच्या रुग्णालयात तपासणीसाठी येण्यास सुचवत. काही वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्ण पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यात रुग्णालयात येऊ लागल्याचे आढळले. याविषयीचा अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. कोणतीही तपासणी मोहीम न राबवता, केवळ कमी खर्चाच्या लोकशिक्षणामुळे आणि जवळच उपचाराची सोय असल्यामुळे निदानाचा टप्पा बदलू शकतो, हे त्यातून दिसून आले.

### उस्मानाबाद

उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यात १९९९ मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची मोठी चाचणी सुरू झाली. बार्शीचे रुग्णालय, टाटा स्मारक केंद्र आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी ती राबवली. ५२ समूहांतील ३० ते ५९ वयोगटाच्या १,३१,७४६ स्त्रिया तिच्यात सहभागी होत्या. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, आयुष्यात एकदाच एचपीव्ही चाचणी करण्याचा प्रस्ताव दिलेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे निम्म्याने घटले.

तपासणीच्या गटांतील निमंत्रित स्त्रियांपैकी सुमारे चार पंचमांश स्त्रिया तपासणीस आल्या. आरोग्य कार्यकर्त्यांच्या घरभेटी, गावातच भरवलेली शिबिरे आणि दोष आढळलेल्या स्त्रियांच्या पुढील तपासणी व उपचारांची आधीच केलेली व्यवस्था ही या कामाची वैशिष्ट्ये होती. ग्रामीण स्त्रिया संकोचामुळे तपासणीस येणार नाहीत, हा समज या प्रतिसादाने खोटा ठरवला.

## इतर देशांतील उपक्रम

थायलंडमधील लाम्पांग प्रांतात २०११-१२ मध्ये ५० ते ६५ वयोगटासाठी फिट चाचणीचा प्रायोगिक कार्यक्रम झाला. त्यासाठी नवी यंत्रणा न उभारता प्रांतातील प्रचलित सार्वजनिक आरोग्य केंद्रांचाच उपयोग केला गेला. लक्ष्यगटातील सुमारे १ लाख २७ हजार व्यक्तींपैकी सुमारे ६३ टक्के लोकांनी चाचणी केली आणि त्यांपैकी सुमारे १.१ टक्क्यांच्या नमुन्यात रक्त आढळले. या व्यक्तींपैकी सुमारे ७२ टक्क्यांची कोलोनोस्कोपी झाली; त्यात सुमारे ४ टक्के व्यक्तींना कर्करोग, तर सुमारे ३० टक्के व्यक्तींना ॲडेनोमा असल्याचे निष्पन्न झाले.

ऑस्ट्रेलियात २००६ पासून चाचणीचा संच टपालाने घरी पाठवला जातो. तेथील उष्ण प्रदेशांत उन्हाळ्याच्या महिन्यांत संच पाठवणे थांबवले जाते, कारण उष्णतेमुळे नमुन्यातील हिमोग्लोबिन विघटित होऊन रक्त असूनही चाचणी नकारात्मक येऊ शकते. आदिवासी समाजात टपालाने आलेल्या संचाचा वापर कमी होत असल्याने, स्थानिक आरोग्य केंद्रातील कार्यकर्त्यांनी तो समजावून हातात देण्याचा स्वतंत्र प्रयोगही तेथे करण्यात आला. अमेरिकेत फ्लूची लस घेण्यास आलेल्यांना त्याच भेटीत संच देण्याची पद्धत काही ठिकाणी रूढ झाली आहे.

## रायगड किनारपट्टी

### भौगोलिक व सामाजिक स्थिती

रायगड जिल्ह्याची (१९८१ पूर्वीचे नाव कुलाबा) लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार २६ लाख ३४ हजार होती. उरण, अलिबाग, मुरूड व श्रीवर्धन हे तालुके थेट समुद्राला लागून आहेत, तर पेण, तळा व म्हसळा तालुक्यांत खाड्या आत शिरल्या आहेत. धरमतर, राजपुरी व बाणकोट या खाड्यांमुळे नकाशावर जवळ दिसणारी गावे रस्त्याने दूर पडतात. आगरदांडा-दिघी व बागमांडला-वेसवी येथे फेरीबोटीने खाडी ओलांडली जाते. मांडवा ते गेटवे ऑफ इंडिया ही लाँचसेवा पावसाळ्यात बंद असते.

जिल्हा सामान्य रुग्णालय अलिबाग येथे आहे. टाटा स्मारक केंद्राची ‘ॲक्ट्रेक’ ही कर्करोग संशोधन व उपचार संस्था पनवेल तालुक्यातील खारघर येथे, म्हणजे याच जिल्ह्यात, परंतु त्याच्या उत्तर टोकाला आहे. श्रीवर्धनच्या दक्षिणेकडील गावातील रुग्णाला तेथे जाण्यासाठी संपूर्ण जिल्हा पार करावा लागतो. त्यामुळे एकाच जिल्ह्यात कर्करोगावरील देशातील अग्रगण्य संस्था आणि कर्करोगसेवेपासून दूर असलेली गावे ही दोन्ही आढळतात.

### ऋतुमान व व्यवसाय

किनाऱ्यावरील लोकांच्या कामाचे वेळापत्रक सारखे नसते. यांत्रिक नौकांवरील कोळी बांधव एका फेरीत अनेक दिवस समुद्रावर असतात. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात मात्र ते घरी असतात. याच काळात आगरी व कुणबी शेतकरी भातलावणीत गुंतलेले असतात. कातकरी कुटुंबांपैकी अनेक दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर स्थलांतर करतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. मासळी विकणाऱ्या स्त्रिया पहाटेपासून बाजारात असतात. सर्वांसाठी एकच शिबिर एकाच तारखेस घेतल्यास यांपैकी कोणता ना कोणता गट वगळला जातो.

नमुन्याच्या दृष्टीनेही ऋतूला महत्त्व आहे. एप्रिल-मे महिन्यांतील उकाड्यात फिटचा नमुना घरात अनेक दिवस राहिल्यास तो निकामी होण्याची शक्यता वाढते. पावसाळ्यात उष्णता कमी असते, पण वाहतूक विस्कळीत होते. लसीकरणासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रांत शीतसाखळी अस्तित्वात असली, तरी शौचाचे नमुने लसींसोबत ठेवता येत नाहीत. त्यांच्यासाठी स्वतंत्र शीतपेटी व ठरावीक दिवशी नमुने उचलण्याची व्यवस्था लागते.

## सहभागातील अडथळे

मूळव्याधीचा समज. शौचावाटे रक्त पडले की ती मूळव्याधच, असा समज ग्रामीण तसेच शहरी समाजात दृढ आहे. मूळव्याध हा सर्वत्र आढळणारा आजार असल्याने हा समज बहुतेक वेळा खराही ठरतो. मात्र त्यामुळे उरलेल्या रुग्णांचे निदान लांबते. तपासणी न करता दीर्घकाळ घेतलेली घरगुती औषधे किंवा मलमे हा विलंब वाढवतात. मूळव्याध आणि कर्करोग एकाच रुग्णात एकत्रही असू शकतात.

संकोच. शौच, गुदद्वार व त्यांची तपासणी हे विषय कुटुंबातही बोलले जात नाहीत. स्त्रियांच्या बाबतीत पुरुष डॉक्टरांकडून तपासणी करून घेण्याचा संकोच त्यात भर घालतो.

नमुना घेण्याची अडचण. फिटचा नमुना पाण्यात पडण्याआधी घ्यावा लागतो. भारतीय बैठकीच्या शौचालयात त्यासाठी कागद पसरून नमुना घेण्याची पद्धत प्रत्यक्ष दाखवावी लागते. छापील सूचनांपेक्षा कार्यकर्तीने करून दाखवलेले प्रात्यक्षिक अधिक उपयोगी पडते.

खर्च व बुडणारी मजुरी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून (२०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू) कर्करोगावरील शस्त्रक्रिया, केमोथेरपी व किरणोपचार यांना साहाय्य मिळते. प्रवास, मुक्काम आणि रुग्णासोबत येणाऱ्या नातेवाइकाची बुडालेली मजुरी यांचा भार मात्र कुटुंबावरच पडतो. कोलोनोस्कोपीसाठी आदल्या दिवशी रेचक घ्यावे लागत असल्याने दूरच्या गावातील व्यक्तीला रुग्णालयाजवळ मुक्काम करणे भाग पडते. घरी रेचक घेऊन अनेक तास एसटीने प्रवास करणे व्यवहार्य नसते.

निरोगी असल्याची भावना. काहीही त्रास नसताना तपासणी कशासाठी, हा प्रश्न सर्वत्र विचारला जातो. अशा वेळी ‘कर्करोगाची तपासणी’ या शब्दांनी भीती निर्माण होऊन लोक दूर राहण्याचीही शक्यता असते.

## सहभाग वाढवण्याचे उपाय

ग्रामीण भागातील विविध कार्यक्रमांच्या अनुभवातून पुढील उपाय उपयुक्त मानले जातात :

* संच घरी पोहोचवणे. महाराष्ट्राच्या खेड्यात टपालाऐवजी आशा कार्यकर्ती हा दुवा ठरू शकतो. साधारण एक हजार लोकसंख्येमागे एक आशा असते आणि तिला घराघरातील माणसे ओळखीची असतात. तिच्यावरील इतर कामांचा ताण पाहता स्वतंत्र मोबदल्याचा प्रश्नही त्यासोबत येतो.
* प्रचलित तपासणीशी जोड. रक्तदाब, मधुमेह व मुखाच्या कर्करोगाच्या तपासणीसाठी आलेल्या व्यक्तीस त्याच भेटीत संच देता येतो.
* आठवण व पाठपुरावा. संच नेऊनही परत न करणाऱ्यांची संख्या मोठी असते. दूरध्वनी किंवा घरभेटीने दिलेल्या आठवणीमुळे ती घटते.
* सोबत करणारी व्यक्ती. अमेरिकेत १९९० मध्ये डॉ. हॅरॉल्ड फ्रीमन यांनी न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात रुग्णाला तारीख मिळवून देणे, कागदपत्रे पूर्ण करणे व सोबत जाणे यांसाठी स्वतंत्र कार्यकर्ता नेमण्याची पद्धत सुरू केली. ती पुढे अनेक कर्करोग कार्यक्रमांत स्वीकारली गेली.
* समाजातील मान्यवरांचा सहभाग. ग्रामपंचायत, महिला बचत गट, मच्छीमार सहकारी संस्था, तसेच मंदिर, मशीद व विहार यांच्या व्यवस्थापनामार्फत दिलेली माहिती अधिक विश्वासाने स्वीकारली जाते.
* जोखमीनुसार निवड. वय, लिंग, कौटुंबिक इतिहास व धूम्रपान यांवर आधारित आशिया-पॅसिफिक गुणांकन पद्धत २०११ मध्ये मांडली गेली. कोलोनोस्कोपीची सोय मर्यादित असताना कोणाला प्राधान्य द्यावे, हे ठरवण्यास ती मदत करते.

## चाचणीनंतरची साखळी

जागतिक आरोग्य संघटनेने १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विल्सन व युंगनर यांच्या निकषांनुसार, कोणत्याही रोगाची तपासणी सुरू करण्यापूर्वी त्याच्या निदानाची व उपचारांची सोय उपलब्ध असली पाहिजे. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाबाबत हा निकष विशेष लागू पडतो. फिट चाचणी कर्करोगाचे निदान करत नाही, ती केवळ कोणाची कोलोनोस्कोपी करावी हे सुचवते. कोलोनोस्कोपी झाली नाही, तर रक्त आढळल्याचा अहवाल संबंधित व्यक्तीच्या चिंतेत भर घालण्यापलीकडे काही साधत नाही.

लाम्पांगमधील प्रमाणे आधारास घेतल्यास या साखळीचे स्वरूप स्पष्ट होते. एखाद्या तालुक्यात १०,००० व्यक्तींना संच दिला, तर सुमारे ६,३०० जण तो परत करतील. सुमारे ७० जणांच्या नमुन्यात रक्त आढळेल. त्यांपैकी सुमारे ५० जणांची कोलोनोस्कोपी होईल. आणि त्यातून सुमारे दोघांना कर्करोग, तर १५ जणांना ॲडेनोमा असल्याचे कळेल. उरलेले सुमारे २० जण रक्त आढळूनही तपासणीविना राहतील. ही आकडेमोड केवळ उदाहरणादाखल आहे. कोकणात रोगाचे प्रमाण वेगळे असल्याने प्रत्यक्ष आकडे निराळे असू शकतात. तथापि, दहा हजार लोकांच्या कार्यक्रमात कोलोनोस्कोपीची गरज काही दशकांतच मोजावी इतकी मर्यादित असते आणि शेवटच्या, सर्वांत महत्त्वाच्या टप्प्यावरही गळती होते, हे त्यावरून लक्षात येते.

नमुन्यात किती हिमोग्लोबिन आढळल्यास चाचणी सकारात्मक मानावी, ही मर्यादा प्रत्येक कार्यक्रम स्वतः ठरवतो. ती खाली आणल्यास अधिक गाठी सापडतात, पण कोलोनोस्कोपीची मागणी वाढते. त्यामुळे अनेक देशांनी उपलब्ध कोलोनोस्कोपींची संख्या पाहून ही मर्यादा निश्चित केली आहे.

ग्रामीण रुग्णालयांच्या पातळीवर कोलोनोस्कोपीची सोय साधारणतः नसते. ठरावीक दिवशी जिल्हा रुग्णालयात तज्ज्ञांची भेट, दूरच्या गावांतील व्यक्तींसाठी आदल्या रात्रीच्या मुक्कामाची सोय आणि पुढील उपचारांसाठी कर्करोग संस्थेशी ठरवून घेतलेला संपर्क हे या उणिवेवरील संभाव्य उपाय होत. केंद्र शासनाच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात सर्व जिल्हा रुग्णालयांत तीन वर्षांत कर्करोग दिवसोपचार केंद्रे उभारण्याची घोषणा करण्यात आली. त्यांचा उपयोग केमोथेरपीसाठी होणारा प्रवास कमी करण्यास होऊ शकतो. निदानाची सोय मात्र त्यापासून वेगळी उभारावी लागते.

## मतभेद व मर्यादा

भारतात सरसकट तपासणी सुरू करावी की नाही, याविषयी मतभेद आहेत. तपासणीच्या विरोधात मांडला जाणारा मुख्य मुद्दा रोगाच्या कमी प्रमाणाचा आहे. प्रमाण जितके कमी, तितके एक मृत्यू टाळण्यासाठी अधिक लोकांना तपासावे लागते आणि निरोगी व्यक्तींना कोलोनोस्कोपीचे धोके पत्करावे लागतात. आधीच ठरलेल्या तीन कर्करोगांची तपासणी अपुरी असताना चौथ्याची भर घालणे योग्य नाही, असेही म्हटले जाते. जंत, आमांश व मूळव्याध यांमुळे होणाऱ्या रक्तस्रावामुळे चाचणी विनाकारण सकारात्मक येण्याची शक्यताही लक्षात घ्यावी लागते.

याउलट, शहरीकरण, बदलता आहार व वाढते आयुर्मान यांमुळे रोगाचे प्रमाण वाढत जाईल आणि यंत्रणा उभारण्यास वर्षे लागत असल्याने तयारी आताच करावी, असा दुसरा पक्ष आहे. भारतीय रुग्णांचे कमी वय हा दोन्ही पक्षांपुढील प्रश्न आहे. अनेक देशांत तपासणी ५० व्या वर्षापासून सुरू होते. अमेरिकेत २०२१ मध्ये ही मर्यादा ४५ वर आणण्यात आली. भारतात ५० पासून सुरुवात केल्यास रुग्णांचा मोठा भाग तपासणीबाहेर राहील.

सरसकट तपासणी सुरू होण्याआधीही काही गोष्टी शक्य आहेत, याबाबत फारसे दुमत नाही. शौचावाटे रक्त पडणाऱ्या प्रत्येक प्रौढ रुग्णाची प्राथमिक आरोग्य केंद्रात बोटाने तपासणी करणे, कारण न सापडलेल्या रक्तक्षयाचा पाठपुरावा करणे, जवळच्या नातेवाइकास हा कर्करोग झालेल्या व्यक्तींना कोलोनोस्कोपीसाठी पाठवणे आणि लक्षणांविषयी गावोगावी माहिती देणे यांसाठी नव्या राष्ट्रीय कार्यक्रमाची गरज नाही. बार्शी परिसरात १९८७ नंतर झालेल्या कामाने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबाबत याच मार्गाने निदानाचा टप्पा अलीकडे आणला होता.

## हेही पहा

* कर्करोग
* कोलोनोस्कोपी
* मूळव्याध
* टाटा स्मारक रुग्णालय
* आशा कार्यकर्ती
* महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना
* रायगड जिल्हा